टर्किश कॉफी की अर्बेन ब्राँझ? घोडबंदर रोडच्या फ्लॅटसाठी गडद तपकिरी रंग

पातलीपाडा_चौदावा यांचा प्रश्न:

मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला पातलीपाड्याजवळ दोन बीएचके आहे, चौदावा मजला. दोन ठिकाणी गडद, उबदार तपकिरी रंग द्यायचा आहे. एक हॉलमधली टीव्हीची भिंत, १४ फूट रुंद आणि ९ फूट उंच. दुसरी बेडरूम, ११ बाय १०, उंची तेवढीच, आणि तिथे चारही भिंती. दरवाजा ७ बाय ३, खिडकी ६ बाय ४.

नेटवर बघून बघून दोन रंगांवर आलोय, दोन्ही शेरविन-विल्यम्स या अमेरिकन रंगकंपनीचे. टर्किश कॉफी, नंबर ६०७६, एलआरव्ही (रंग किती टक्के उजेड परत फेकतो तो आकडा) ५. अर्बेन ब्राँझ, नंबर ७०४८, एलआरव्ही ८. त्यांचे डबे आमच्या दुकानदाराकडे नाहीत, पण तो म्हणतो फोनवर रंग दाखवा, मशीनवर जुळवून देतो.

बेडरूमची खिडकी पश्चिमेला, समोर येऊरचा डोंगर. हॉलला पूर्वेचा उजेड आहे. दोन्हीकडे आयव्हरी रंगाच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, दरवाजे सागाच्या व्हिनियरचे, पॉलिश केलेले. भिंतींवर बिल्डरचा पांढरा रंग, वर काही दिलेलं नाही. दिवे सगळे पांढऱ्या एलईडी ट्यूब.

कोणता रंग घ्यावा? दोन्हीकडे एकच चालेल का? चारही भिंती गडद केल्या तर खोलीची गुहा होईल का? पेंटर म्हणतो दोन हातांत, म्हणजे रंगाच्या दोन थरांत, काम होईल आणि एकूण चार लिटर पुरेल. गणपती झाले की सुरू करून दसऱ्याच्या आत संपवायचं आहे.

---

रंगझाक:

आधी दुकानदाराचं. फोनवरून रंग जुळत नाही. तुमच्या फोनचा ब्राइटनेस एक, त्याच्या फोनचा दुसरा, आणि त्याच्या मशीनला पडदा वाचताच येत नाही. मशीनचा कॅमेरा रंगाच्या तुकड्यावर टेकवावा लागतो. त्यामुळे त्या कंपनीची छापील चिप मिळाली तर ती न्या. नाहीतर इथल्या कंपनीच्या शेड कार्डातला सगळ्यात जवळचा रंग निवडून सरळ त्याचाच नंबर द्या. दुसरा मार्ग जास्त खात्रीचा, कारण कंपनीने त्या नंबराचा फॉर्म्युला स्वतःच्या टिंटरवर (डब्यात मिसळायच्या रंगद्रव्यांवर) बसवलेला असतो. शिवाय पुन्हा कधी लागला तर नुसता नंबर सांगून तोच रंग मिळतो.

आता रंग. फोनवर हे दोन्ही भाऊ-भाऊ वाटतात, पण कंपनीने दिलेले आकडे बघा. टर्किश कॉफी: लाल ७७, हिरवा ५७, निळा ४८. अर्बेन ब्राँझ: लाल ८४, हिरवा ८०, निळा ७४. पहिल्यात लाल हिरव्याच्या वीस पावलं पुढे आहे, दुसऱ्यात जेमतेम चार. म्हणजे टर्किश कॉफी हा खरा तपकिरी, ओल्या काताच्या वडीसारखा, लालसर झाकेचा. अर्बेन ब्राँझ हा मुळात करडा, त्याला तपकिरी पाणी दिलेलं. कंपनीने तो २०२१ चा ‘वर्षाचा रंग’ म्हणून जाहीर केला, तेव्हापासून नेटवर तो सर्रास तपकिरी म्हणून फिरतोय.

करड्याच्या इतका जवळचा रंग शेजाऱ्याच्या वळणावर जातो. समोर येऊर आहे. जून ते ऑक्टोबर खिडकीतून हिरवा उजेड आत येणार आणि अर्बेन ब्राँझ तुम्हाला शेवाळी वाटणार. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर वाळला की तीच भिंत मातकट दिसेल. काहींना हे आवडतं, पण ‘उबदार तपकिरी’ डोक्यात धरून बसलात तर पावसाळ्यातले चार महिने चिडचिड होईल. टर्किश कॉफीत लाल भरपूर असल्यामुळे तो सहजी ढळत नाही.

दुसरं, सागाचं पॉलिश. त्यात नारिंगी असतं. करड्या भिंतीशेजारी ते नारिंगी उसळून वर येतं, दरवाजा नवा पॉलिश केल्यासारखा भडक दिसतो. टर्किश कॉफीशेजारी तोच दरवाजा शांत बसतो, कारण दोघांची जात एक.

माझं मत: बेडरूमला टर्किश कॉफी. हॉलमध्ये दोन्ही चालतील.

नमुना बघताना एक चूक हमखास होते. पांढऱ्या भिंतीवर हातभर ठिगळ मारून ‘बापरे, किती काळा’ म्हणतात. आजूबाजूला पांढरं असलं की गडद रंग आहे त्याहून गडद दिसतो. त्याऐवजी २ बाय २ फुटांचे प्लायचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, प्रायमर मारा, कडेपर्यंत दोन हात द्या आणि २४ तासांनी बघा. ओलं इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) दुधाळ असतं, वाळल्यावर गडद होतं. तुकडा आधी दरवाज्याच्या चौकटीला टेकवा, मग टाइलवर उभा करा, मग खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आणि शेवटी खिडकीच्याच भिंतीवर धरा. या शेवटच्या जागी तो सगळ्यात काळा दिसेल, कारण मागून उजेड येतो आणि भिंतीवर पडत नाही. सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवा लावून, तिन्ही वेळा बघा.

आणि २०० मिलीच्या सॅम्पल डब्यावर डोळे मिटून विश्वास नको. एवढ्याशा डब्यात एखाद्या टिंटरचा वाटा थेंबभर येतो आणि मशीन तो जवळच्या मापावर नेऊन टाकतं. गडद रंगात एका थेंबाने झाक बदलते. मोठा डबा तयार झाला की दुकानातच काडीने कार्डावर पट्टी ओढा, ड्रायरने वाळवा आणि तुमच्या तुकड्याशेजारी धरा, तेही दुकानाबाहेर फुटपाथवरच्या उजेडात. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात.

---

उजेड_मोजा:

गुहेच्या प्रश्नाला आकड्यातच उत्तर देतो.

एलआरव्ही ८ म्हणजे भिंतीवर पडलेल्या शंभर भाग उजेडातले आठ परत येतात, ५ म्हणजे पाच. चांगल्या ऑफ-व्हाइटचे ७५ धरू. तुमच्या बेडरूमच्या भिंती दार-खिडकी वजा जाता ३३३ चौरस फूट, सीलिंग ११०, फरशी ११०. सीलिंगचे ८० आणि टाइलचे ५० धरले, तर सगळ्या भिंती पांढऱ्या असताना खोलीची सरासरी ७१ टक्के येते. चारही भिंती टर्किश कॉफी केल्या की ती २९ वर उतरते. उजेड भिंतीभिंतींवर आपटत वाढतो, त्यामुळे फरक नुसत्या सरासरीत दिसतो त्याहून मोठा पडतो. ढोबळ हिशोबाने, त्याच दिव्यांत खोलीत पूर्वीच्या साधारण ४० टक्के उजेड राहील. पलंगामागची एकच ११ फुटी भिंत गडद केली तर ७० टक्के.

हाच हिशोब अर्बेन ब्राँझने केला तर ४० च्या जागी ४२ येतात. म्हणजे ५ की ८ यावर डोकं खपवू नका, उजेडाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. रंग झाकेवर निवडा.

४० टक्के वाईटच असं नाही. झोपायची खोली आहे, वाचनालय नाही. पण मग मधल्या ट्यूबवर भिस्त ठेवता येणार नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाटासमोर स्वतंत्र दिवा हवा, म्हणजे साडी-शर्टाचा रंग कळेल. निळा की काळा हे गडद खोलीत खरंच कळत नाही.

दिवे मात्र आधी बदला. आपल्याकडे सर्रास ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या ट्यूब असतात. त्या उजेडात टर्किश कॉफीचा लाल मरतो आणि भिंत वांगी-करडी दिसते. अर्बेन ब्राँझ तर सिमेंटच्या वाटेला लागतो. २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्या आणि खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० लिहिलंय का ते बघा. स्वस्त एलईडीत सीआरआय ८० च्या आसपास असतो आणि त्यात नेमका गडद लालच कमी पडतो. ज्या रंगाची सगळी ऊब लालावर उभी आहे त्याला हे मारक आहे.

हॉलच्या भिंतीवर वरून प्रोफाइल लाइट सोडायचा बेत असेल तर तो भिंतीपासून निदान १० ते १२ इंच लांब ठेवा. तीन-चार इंचांवरून घासत जाणारा उजेड भिंतीतली प्रत्येक लाट दाखवतो. पांढऱ्यावर ती लपते, गडदवर नाही.

जाता जाता: ‘गडद रंगाने पश्चिमेची खोली तापेल’ असं कोणी सांगेल. ऊन बाहेरच्या अंगाला लागतं. आतल्या रंगाचा त्यात जवळपास काही हात नाही.

---

लांबीपट्टी:

पेंटरच्या ‘दोन हात, चार लिटर’वर लिहितो.

तुमचं क्षेत्रफळ टीव्हीची भिंत १२६ अधिक बेडरूम ३३३, एकूण ४५९ चौरस फूट. चांगलं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट जातं असं कंपन्या सांगतात. गडद बेसमध्ये (टिंटर मिसळायच्या मूळ रंगात) पांढरं पिगमेंट जवळपास नसतं, त्यामुळे मी १०० धरतो, म्हणजे एका हाताला २००. तीन हातांचे झाले ६.९ लिटर. चार लिटरमध्ये दोन हातही पुरे पडणार नाहीत, मग तो पाणी वाढवणार, आणि भिंतीवर ढगाळ डाग दिसले की ‘शेडच तसा आहे’ म्हणणार.

डब्यांचं मापही बघून घ्या. टिंटिंगच्या बेसचे डबे टिंटरला जागा ठेवून कमी भरलेले असतात. एक लिटरचा म्हणून मिळतो तो साधारण ९०० मिलीचा, चारचा म्हणून ३.६ चा. दोन्हीकडे एकच रंग असेल तर ३.६ चे दोन. दोन रंग असतील तर हॉलला ०.९ चे तीन, बेडरूमला ३.६ चा एक आणि ०.९ चे दोन.

तपकिरीचं एक बरं आहे. त्यात मुख्यतः पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा असतो. ऑक्साइड झाकतात चांगले आणि उन्हाने सहसा उडत नाहीत. गडद लाल किंवा लिंबू पिवळ्याला चार-पाच हातही लागतात, इथे तीन बास.

आता खालचं काम. बिल्डरचा पांढरा म्हणजे बहुतेक वेळा डिस्टेंपर, खडूसारखा स्वस्त रंग. ओला तळहात भिंतीवर जोरात घासा. हात पांढरा झाला तर डिस्टेंपर समजा. ते खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढायचं. वर तसंच इमल्शन दिलं तर इमल्शन भिंतीला नाही, पावडरीला चिकटतं. वर्षभरात मास्किंग टेप ओढली तरी पापुद्रा निघतो. पांढऱ्यावर पांढरा पापुद्रा निघाला तर खपून जातं, तपकिरीवर तो खिडकीतून रस्त्यावरही दिसेल.

खरवडल्यावर प्रायमर, मग लांबीचे (पुट्टीचे) दोन पातळ हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. जाड थर एकदम ओढला की चिरतो. वाळल्यावर १८० चा पॉलिश पेपर, मग २२०. दिवा भिंतीला चिकटवून धरा आणि त्या उजेडात घासा, पेन्सिलने खड्ड्यांना गोल करा, पुन्हा भरा. गडद रंगाचं निम्मं काम इथेच होतं आणि याच ठिकाणी पेंटर घाई करतो.

घासून झाल्यावर धूळ. नुसता झाडू नाही, ओलसर फडकं दोनदा. लांबीची पूड राहिली तर पहिला हात रोलरलाच चिकटून सोलून येतो.

मग लांबीवर दुसरा प्रायमर, तो पांढरा ठेवू नका. चार लिटर पाण्याच्या प्रायमरमध्ये काळा युनिव्हर्सल स्टेनर १०० मिली टाकला की मध्यम करडा होतो. त्यावर तपकिरी लवकर बसतो आणि पुढे कुठे ओरखडा गेला तर खालून पांढरं डोकावत नाही. स्टेनर फक्त प्रायमरमध्ये. वरच्या रंगात ‘जरा गडद करू’ म्हणून कोणी ओतायला लागला तर हात धरा, तो शेड पुन्हा कधीच जुळणार नाही.

रंगाचे सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा आणि त्यातूनच वापरा. पाण्याचं प्रमाण डब्यावर असतं. बऱ्याच इमल्शनना ४० टक्क्यांच्या आसपास चालतं, म्हणजे लिटरला ४०० मिली. मोजायला मापाचा मग द्या, अंदाजपंचे नको. तिन्ही हातांना प्रमाण तेच.

कडा ब्रशने आणि मधली भिंत रोलरने केली की वाळल्यावर भिंतीभोवती गडद चौकट उमटते. ब्रशचा थर आणि रोलरचा थर वेगळा बसतो म्हणून. उपाय असा: एकाने कट मारत पुढे जायचं, दुसऱ्याने तो ओला असतानाच चार इंची छोट्या रोलरने कडेपासून दोन इंचांपर्यंत यायचं. मोठा रोलर सीलिंगपासून खालपर्यंत, शेवटचा फेर सगळा एकाच दिशेने. भिंत अर्धी सोडून चहाला जायचं नाही. पंखा आणि एसी बंद, नाहीतर कड सुकते आणि जोड दिसतो. पंखा बंद म्हटल्यावर पेंटर कुरकुरतील, पण एका भिंतीला वीस मिनिटं लागतात, तेवढं सहन होतं.

सीलिंगची रेघ सरळ हवी असेल तर टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी सीलिंगचाच पांढरा फिरवा. टेपखाली जे झिरपायचं ते पांढरं झिरपेल. वाळलं की वरून तपकिरी. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा.

एक प्रश्न तुम्हाला. खिडकीखाली, कोपऱ्यात किंवा बाहेरच्या भिंतीवर कुठे ओल आहे का?

---

पातलीपाडा_चौदावा:

सगळ्यांचे आभार. ओला तळहात घासला, पांढराफटक झाला, म्हणजे डिस्टेंपरच. ओलीचं विचारलंत ते बरं झालं. बेडरूमच्या पश्चिमेच्या १० फुटी भिंतीवर, खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात परातीएवढा काळपट डाग आहे आणि तिथे रंग फुगलाय. पेंटर म्हणतो वॉटरप्रूफ लांबी भरून झाकून टाकू. चालेल का?

---

कोरडी_भिंत:

नाही चालणार.

नैऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट त्याच भिंतीवर आदळतो. पाणी खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या चिरेतून आत येतंय. आतून झाकलं तर ते दुसरीकडून वाट काढेल आणि येताना सिमेंटमधले क्षार घेऊन येईल. क्षार पांढरे असतात. तपकिरी भिंतीवर मीठ सांडल्यासारखे दिसतात, पुसले की चार दिवसांनी परत. शिवाय नव्या टॉवरांमध्ये आतलं प्लास्टर पुष्कळदा जिप्समचं असतं. ते भिजलं की मऊ पडतं आणि लांबीसकट सुटून येतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग काढून नव्याने भरावा लागेल.

दुरुस्ती बाहेरून. खिडकीच्या चौकटीभोवतीचं जुनं सीलंट कापून नवं भरायचं, बाहेरची चीर उघडून पॉलिमर मॉर्टरने बुजवायची, खिडकीच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मोकळी करायची. ही भोकं नुसती तुंबलेली असणं हे कारण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं. बाहेरची भिंत सोसायटीची, तेव्हा पत्र देऊन ठेवा.

मग भिंत वाळू द्या. तपासायला १८ बाय १८ इंचांचं जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि सोळा तास ठेवा. आतल्या बाजूला बाष्प धरलं किंवा भिंत काळवंडली तर थांबा. या भिंतीला दसरा विसरा, डिसेंबर धरा.

बाकीच्या तीन भिंती आतल्या असतील तर आत्ता करायला हरकत नाही, फक्त हवा दमट आहे हे लक्षात ठेवा. गडद शेडमध्ये लिटरमागे शंभर मिलीच्या आसपास टिंटर असतो. तो सावकाश वाळतो. दमट हवेत त्यातला साबणासारखा अंश वर येतो आणि भिंतीवर चिकट, चकचकीत ओघळ दिसतात. रंग बिघडलेला नसतो. पूर्ण वाळल्यावर साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा, एकदोनदा परत आले तर पुन्हा पुसा. साबण लावू नका. दोन हातांमध्ये डब्यावर चार तास लिहिलं असलं तरी सप्टेंबरात रात्रभर जाऊ द्या.

---

पितळी_समई:

रंगझाक यांचं बेडरूमबद्दल पटलं, हॉलबद्दल ‘दोन्ही चालतील’ नाही पटलं. हॉलला अर्बेन ब्राँझच घ्या. तिथे टीव्ही आहे. बंद टीव्हीचा काळा चौकोन करड्या-तपकिरीत विरघळतो. टर्किश कॉफीवर तो निळसर काळा दिसतो आणि भिंतीला भोक पडल्यासारखा वाटतो. आणि पूर्वेच्या उजेडात डोंगराचा हिरवा येत नाही, म्हणजे त्यांची मुख्य हरकत तिथे लागूच होत नाही.

चमक किती ठेवायची यावर कोणी लिहिलं नाही. हॉलला मॅट, कारण टीव्हीसमोरच्या खिडकीचं प्रतिबिंब नको. पण स्वस्त मॅट घेऊ नका. गडद मॅटला खांदा, सोफ्याची पाठ, बॅग घासली की तिथे चकाकी येते आणि ती पुसून जात नाही, कारण मॅटपणा देणारे बारीक कण दबून सपाट झालेले असतात. धुता येणारं मॅट म्हणून जे विकतात ते थोडं महाग पडतं, पण हेच टाळण्यासाठी असतं. बेडरूमला हलकी चमक चालेल, लांबी नीट घासली असेल तरच.

देवघर याच भिंतीला टेकणार असेल तर तेवढ्या भागाला मॅट नकोच. काजळी तपकिरीवर दिसत नाही, तेल दिसतं. निरांजनाचा हात लागून तेलाचं बोट उमटलं की मॅटमध्ये तो गडद डाग कायमचा. मागे लाकडी पट्टी किंवा काच लावा. त्या भिंतीसमोर पितळ मात्र पांढऱ्यापुढे कधीच दिसलं नसेल इतकं छान दिसतं.

पांढरे स्विचबोर्ड गडद भिंतीवर डोळ्यात खुपतात. त्या भिंतीपुरत्या प्लेट करड्या किंवा काळ्या घ्या, मॉड्युलर असतील तर नुसती फ्रेम बदलते. आणि टीव्हीच्या ब्रॅकेटची, फोटोंची भोकं रंगाच्या आधी पाडून घ्या. नंतर ड्रिल केलंत तर पांढरी पूड खाली ओघळते आणि पुसायला गेलात की पसरते. पाडावंच लागलं तर भोकाखाली टेपचा खिसा चिकटवा, पूड त्यात पडते.

धूळ दिसेल, तयारी ठेवा. घोडबंदरची धूळ फिकट असते. कोरडं मायक्रोफायबर, वरून खाली, ओलं फडकं नाही.

---

रंगझाक:

टीव्हीचा मुद्दा मान्य. हॉलला अर्बेन ब्राँझ.

सीलिंगचा पांढराही बघून घ्या. निळसर झाक असलेला झगझगीत पांढरा टर्किश कॉफीवर ट्यूबलाइटसारखा दिसतो. टाइल आयव्हरी आहे, सीलिंगही किंचित पिवळसर पांढरं घ्या.

---

लांबीपट्टी:

मग पश्चिमेची भिंत मागे राहिल्यावर हिशोब असा. ती १० गुणिले ९ वजा खिडकी २४, म्हणजे ६६ चौरस फूट. आत्ता बेडरूमच्या तीन भिंती २६७, तीन हातांना ४ लिटर. डिसेंबरच्या भिंतीला आणखी एक.

तरीही बेडरूमचा सगळा रंग आत्ताच घ्या, ३.६ चा एक आणि ०.९ चे दोन. बादलीत एकत्र करा आणि पाणी घालायच्या आधी सव्वा लिटर बाजूला काढा, नंतर नाही. पाणी घातलेला रंग साठवला की सडतो, वास मारतो. तो सव्वा लिटर घट्ट झाकणाच्या आणि काठोकाठ भरेल अशा डब्यात ठेवा. मोठ्या डब्यात तळाशी ठेवला तर आतल्या हवेने वर साय धरते. झाकणावर मशीनची चिकटपट्टी लावा, तिच्यावर बेसचं नाव आणि प्रत्येक टिंटरचं माप छापलेलं असतं. तिचा फोटोही काढून ठेवा, कारण ती शाई वर्षभरात उडते. खाली पेनने पाण्याचं प्रमाण आणि रोलर कोणता होता ते लिहा.

डिसेंबरात तो डबा कमी पडला आणि नवा आणावा लागला तरी घाबरू नका. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण केली तर बॅचमधला थोडा फरक कळत नाही, कारण कोपऱ्यात उजेडच बदलतो. अर्धी भिंत मात्र कधीच करू नका. हेच टचअपलाही लागू आहे. गडद मॅटवर हातभर ठिगळ मारलं तर ते कायम दिसतं, रंग त्याच डब्यातला असला तरी. खिळ्याच्या भोकाएवढं असेल तर कापसाच्या काडीने टिपा, त्याहून मोठं असेल तर सरळ अख्खी भिंत एक हात.

आणि पेंटरशी मजुरी ठरवताना ‘तीन हात, करडा प्रायमर वेगळा’ असं कागदावर लिहून घ्या. दोन हातांच्या दरात तिसरा हात कोणी मनापासून मारत नाही.